ऑफिसात हार्ट चेकअप ठेवताय? आधी आमचा दोन वर्षांचा अनुभव वाचा

रिव्ह्यू लांबलाय, आधीच सांगते. मी ऑफिसमध्ये ॲडमिन बघते, म्हणजे खुर्च्यांपासून वॉटर कूलरपर्यंत जे कोणाचंच काम नसतं ते माझं असतं, त्यामुळे स्टाफचं हार्ट चेकअप करायचं ठरलं तेव्हा तेही माझ्याच गळ्यात आलं. मागच्या वर्षी एका एजन्सीकडून करून घेतलं, या वर्षी दुसरीकडून. नाव दोघांचंही लिहीत नाहीये, पहिल्यांचं का नाही ते पुढे कळेलच आणि दुसऱ्यांचं लिहिलं तर लोक म्हणतील कमिशन खाल्लं. तसंही नावापेक्षा काय काय विचारून घ्यायचं हे कळलं तर जास्त कामाचं, कारण ब्रोशर सगळ्यांचं सारखंच असतं, लाल हृदय, त्यातून जाणारी ती वाकडीतिकडी रेघ आणि हसणारी माणसं.

मागच्या वर्षीचं आधी उरकते. आम्ही भुललो ते टेस्टच्या आकड्याला. एका पॅकेजात साठच्या वर टेस्ट, मला वाटलं जेवढ्या जास्त तेवढं चांगलं, कोणालाही तसंच वाटेल. प्रत्यक्षात काय झालं तर लिफ्टसमोरच्या पॅसेजमध्ये एक टेबल, त्यावर बीपीचं मशीन, समोर रांग. लोक जिने चढून येतायत, रांगेत गप्पा चालल्यात, नंबर आला की उभ्याउभ्याच शर्टाच्या बाहीवरून पट्टा गुंडाळला, बटण दाबलं, आकडा लिहिला, नेक्स्ट. आमचे एक सर तर पूर्ण वेळ फोनवर क्लायंटशी भांडत होते आणि दुसऱ्या हाताचं बीपी मोजलं जात होतं. अर्ध्या ऑफिसचं बीपी हाय आलं. मग काय, दिवसभर हाच जोक, मशीनच बिघडलंय, कंपनीच बिघडलीय वगैरे. आणि यातला खरा घोटाळा मला या वर्षी कळला. चुकीचं मोजल्यामुळे ज्यांचं नॉर्मल होतं ते दोन दिवस घाबरले, ठीक आहे, पण ज्यांचं खरंच वाढलेलं होतं ते त्याच हसण्यात वाहून गेले. 'अरे सगळ्यांचंच हाय आलंय, तू कशाला टेन्शन घेतोस.' त्या हसणाऱ्यांत मीही होते. माझंही हाय आलं होतं. कागद ड्रॉवरमध्ये गेला तो गेलाच.

रिपोर्टची कथा आणखी वेगळी. सगळ्यांचे रिपोर्ट एका गठ्ठ्यात रिसेप्शनला ठेवले, आपापला शोधून घ्या म्हणून, पाकीट नाही काही नाही. एका मुलाचं कोलेस्टेरॉल कोणीतरी वाचलं आणि पुढचे कित्येक महिने त्याला त्याच नावाने हाक मारायचे. तो या वर्षी चेकअपला येणार नाही म्हणाला होता, आणि मला त्याला काय बोलावं ते सुचेना.

आणि तिसरं म्हणजे चाळिशीच्या वरच्या सगळ्यांची सरसकट टीएमटी, ती पट्ट्यावर पळवून ईसीजी काढतात ती. सगळ्यांची. छातीत दुखत नाही, धाप लागत नाही, तरी पळा. आमच्या अकाउंट्सच्या मॅडमची पॉझिटिव्ह आली. घरात रडारड, रात्र रात्र झोप नाही, पुढच्या तपासण्या, शेवटी सीटी अँजिओ केली तर रक्तवाहिन्या एकदम स्वच्छ. मॅडमना वाटलं देवाने वाचवलं. या वर्षीच्या डॉक्टरांना हा किस्सा सांगितला तर त्यांनी माझ्याच नोटपॅडवर हिशोब मांडून दाखवला, तो इथे देते कारण मला तो फार आवडला. समजा काहीच त्रास नसलेली १००० माणसं आहेत आणि त्यातल्या फक्त २० जणांना खरा ब्लॉकेजचा आजार आहे. टीएमटी साधारण ६८ टक्के आजारी लोकांना पकडते, म्हणजे २० पैकी १४. आणि निरोगी लोकांतल्या साधारण ७७ टक्क्यांनाच ती बरोबर निरोगी म्हणते, म्हणजे उरलेल्या ९८० पैकी सव्वादोनशे जणांना उगाच पॉझिटिव्ह. आता पॉझिटिव्ह आलेल्या जवळजवळ २४० लोकांत खरे आजारी किती, तर १४. बाकीचे सगळे आमच्या मॅडम. आणि बायकांमध्ये ही टेस्ट अशी खोटी पॉझिटिव्ह जास्तच येते म्हणे. टेस्ट वाईट नाहीये, छातीत दुखणाऱ्या माणसाला कामाचीच आहे, चुकीच्या माणसाला लावली की वाईट. साध्या ईसीजीचंही तेच. कमी रिस्क असलेल्या, त्रास नसलेल्या लोकांचा स्क्रीनिंग म्हणून ईसीजी काढू नका असं अमेरिकेच्या प्रिव्हेंटिव्ह सर्व्हिसेस टास्क फोर्सने २०१८ मध्येच सांगितलंय. उलट्या बाजूनेही फसवतो तो, बसल्या जागी काढलेला ईसीजी नॉर्मल आला म्हणजे हृदयाच्या नळ्या मोकळ्या आहेत असं अजिबात नाही, पण माणूस तो कागद सर्टिफिकेटसारखा मिरवतो.

असो. आता या वर्षीचं.

यांच्या यादीत टेस्ट बघून आमच्या मोठ्या साहेबांचं तोंड वाकडं झालं, एवढ्याच? बीपी, पल्स, कमरेचा घेर, वजन-उंची, बोटातून रक्त घेऊन कोलेस्टेरॉल आणि एचबीएवनसी (ही शुगरची टेस्ट), एक फॉर्म, आणि मग प्रत्येकाला डॉक्टर किंवा काउन्सेलरसोबत दहा मिनिटं. संपलं. मी पण मनात म्हटलं यात काय मोठंसं. पण त्यांनी आमच्याकडे जे मागितलं ते आधी कोणी मागितलं नव्हतं. दार बंद होणाऱ्या दोन खोल्या, पाठ टेकता येईल अशा खुर्च्या, हात ठेवता येईल असं टेबल, टॉयलेट जवळ हवं आणि प्रत्येकाला पंचवीस मिनिटांचा स्लॉट, ऑफिसच्या वेळेत. लंच टाइममध्ये नाही, सुट्टीच्या दिवशी नाही. खुर्चीला पाठ हवी हे वाचून मला हसू आलं होतं, आमच्या कॉन्फरन्स रूममधल्या स्टुलांचा फोटो बघून त्यांनी चक्क नाही सांगितलं, मग मी दुसऱ्या मजल्यावरून खुर्च्या ओढत आणल्या.

आदल्या दिवशी मेल आला: अर्धा तास आधी चहा-कॉफी नको, सिगरेट नको, जिने धावत चढू नका, उपाशी यायची गरज नाही, रोजच्या गोळ्या चुकवू नका. उपाशी यायची गरज नाही यावर मला दहा फोन आले, सगळ्यांच्या डोक्यात कोलेस्टेरॉल म्हणजे बारा तास उपास हेच बसलंय. मी विचारलं तर कळलं की २०१६ मध्येच युरोपातल्या तज्ज्ञांनी रुटीन तपासणीला उपास लागत नाही असं एकत्र जाहीर केलंय, ट्रायग्लिसराइड (रक्तातली एक प्रकारची चरबी) फारच जास्त आले तरच परत उपाशीपोटी बघतात. या एका गोष्टीने गर्दीचा प्रश्न सुटला, कारण मागच्या वर्षी सकाळी आठला सगळे उपाशी आणि चिडलेले एकदम येऊन उभे होते.

माझा नंबर पहिल्या दिवशी साडेअकराला. मी ऑर्गनायझर, माझ्या डोक्यात शंभर गोष्टी, आत गेले ती सिस्टरला यादीतले बदल सांगतच गेले. सिस्टर म्हणाल्या, "ताई, फोन इथे ट्रेमध्ये ठेवा. बसा. पाच मिनिटं काही बोलायचं नाही." मी म्हटलं मला फक्त एवढंच सांगायचंय की, तर त्यांनी ओठावर बोट ठेवलं. शाळेनंतर पहिल्यांदाच कोणीतरी मला असं गप्प केलं. पाय क्रॉस होते ते सोडायला लावले, दोन्ही तळवे जमिनीला, पाठ टेकलेली, बाही वर सरकत नव्हती तर पडदा ओढून जॅकेट काढायला लावलं, हात टेबलावर छातीच्या उंचीला. आणि मग नुसतं बसून राहायचं. भिंतीवर घड्याळ होतं, ते पाच मिनिटं पुढे सरकेना. मला आठवेना की मी ऑफिसात अशी पाच मिनिटं कधी बसले होते. टॉयलेटला जाऊन आलात का हेही विचारलं होतं आधी, लघवी तुंबलेली असली तरी बीपी वर जातं, बोलत असलं तरी वर जातं, पाय क्रॉस असले तरी, हात खाली लोंबत असला तरी. एकेकाने थोडं थोडं वाढत जातं आणि सगळं एकत्र झालं की होतो आमचा मागच्या वर्षीचा पॅसेज.

पहिलं रीडिंग १४८/९४. मी लगेच, अहो आज धावपळ झालीय. सिस्टर काही बोलल्या नाहीत, दीड-दोन मिनिटं थांबून दुसरं घेतलं. १४४/९२. आता हसायला रांग नव्हती.

मी ४४ वर्षांची, बारीक आहे, सिगरेट नाही काही नाही, लोक मला डाएट विचारतात. म्हणून डॉक्टरांसमोर बसले तेव्हा मी ठरवूनच टाकलं होतं की यांचंही मशीन. त्यांनी मशीनबद्दल काहीच बोलायचं नाही असं ठरवल्यासारखं फॉर्म वाचायला घेतला. त्या फॉर्ममध्ये एक प्रश्न होता जो मी घाईत रिकामा सोडला होता, तिथे त्यांनी पेन ठेवलं. "प्रेग्नन्सीत बीपी वाढलं होतं का?" मी म्हटलं हो, शेवटच्या महिन्यात, पायाला सूज, लघवीत प्रोटीन, मग लवकर सिझेरियन केलं, पण त्याला चौदा वर्षं झाली, डिलिव्हरीनंतर सगळं नॉर्मल झालं होतं. ते म्हणाले नॉर्मल झालं होतं म्हणूनच तुम्हाला पुढे कोणी विचारलं नाही. प्रीएक्लॅम्प्सिया, म्हणजे हाच प्रेग्नन्सीतला त्रास, होऊन गेलेल्या बाईला पुढच्या आयुष्यात हार्टच्या आजाराचा आणि स्ट्रोकचा धोका जवळपास दुप्पट असतो, बीपी कायमचं वाढायचा तर त्याहून जास्त. अमेरिकन हार्ट असोसिएशनने २०११ च्या बायकांसाठीच्या गाइडलाइनमध्ये हे रिस्क फॅक्टर म्हणून घातलंय. चौदा वर्षांत मी किती डॉक्टरांकडे गेले असेन, मुलीच्या तापासाठी, स्वतःच्या पाठीसाठी, कोणालाही हा प्रश्न सुचला नाही आणि मला सांगायचं सुचलं नाही. मागच्या वर्षीच्या साठ टेस्टमध्येही हे कुठे नव्हतं, कारण ते रक्तात नसतं, विचारावं लागतं. प्रेग्नन्सीतल्या शुगरचंही तसंच, तोही प्रश्न फॉर्ममध्ये होता. मेनोपॉज लवकर आला का, वडिलांना किंवा भावाला ५५ च्या आत आणि आईला किंवा बहिणीला ६५ च्या आत हार्टचा त्रास झाला का, हेही. चेकअप निवडताना एजन्सीचा फॉर्म आधी मागवा आणि त्यात हे प्रश्न आहेत का बघा, मशीनचे फोटो नंतर बघा.

त्यांनी मला तिथल्या तिथे बीपीचा पेशंट ठरवलं नाही, हेही सांगायला हवं. डॉक्टर समोर दिसला की बीपी वाढणारे लोक असतात, आणि उलटे पण असतात, दवाखान्यात छान आणि घरी-ऑफिसात वाढलेलं, ते जास्त डेंजर कारण पकडलेच जात नाहीत. म्हणून सात दिवस घरी मोजायला सांगितलं, सकाळ-संध्याकाळ, दर वेळी दोनदा, दंडाचं मशीन, मनगटाचं नको, पहिल्या दिवसाचे आकडे सोडून द्यायचे आणि बाकीच्यांची सरासरी. घरी मोजलेल्याला मर्यादा थोडी खाली धरतात, दवाखान्यात १४०/९० तर घरी १३५/८५. (अमेरिकेतल्या २०१७ च्या गाइडलाइनमध्ये तर १३०/८० पासूनच हाय धरलंय, म्हणजे कोणती गाइडलाइन धरली त्यावर अर्ध्या ऑफिसचं लेबल बदलतं, ही वेगळीच गंमत.) माझी सरासरी १३७/८८ आली. सात दिवस मी इमानेइतबारे एक वही भरली, नवरा हसत होता, शेवटच्या दोन दिवसांत त्यानेही हात पुढे केला.

मग माझ्या नेहमीच्या डॉक्टरांकडे गेले, कमी डोसची एक गोळी सुरू झाली, मीठ कमी केलं. रिपोर्टमध्येच लिहिलं होतं की डब्ल्यूएचओच्या मते दिवसाला पाच ग्रॅमपेक्षा कमी, म्हणजे जेमतेम एक छोटा चमचा, आणि यात पाकिटातलं सगळं धरून. तीन महिन्यांनी १२४/८०. यात नाट्य काही नाही, अजून आठवणीने गोळी घ्यायचा कंटाळा येतो. पण जगात बीपी वाढलेल्या प्रौढांपैकी चाळीस टक्क्यांहून जास्त लोकांना ते वाढलंय हेच माहीत नसतं असं डब्ल्यूएचओ म्हणतं, आणि त्यात मी होते, ड्रॉवरमध्ये कागद असून.

कोलेस्टेरॉल वगैरेचं पटकन सांगते. बोटाला टोचून काही मिनिटांत आकडे मिळतात, सोयीचं आहे, वर-खाली आलं तर शिरेतून रक्त देऊन परत करा असं स्पष्ट सांगतात. एचबीएवनसी म्हणजे मागच्या साधारण तीन महिन्यांची शुगरची सरासरी, ५.७ ते ६.४ म्हणजे कुंपणावर, ६.५ पासून डायबिटीस, तोही दुसऱ्यांदा तपासून पक्का करायचा. पल्स मशीनने नाही तर बोट ठेवून मोजतात, मला वाटलं हे काय जुनाट, पण ठोके अनियमित आहेत का ते बोटाला कळतं आणि अनियमित ठोक्यांचा थेट संबंध स्ट्रोकशी असतो. आमच्या एका सिनियर सरांचं तिथेच सापडलं, त्यांना मात्र ईसीजी लगेच काढायला पाठवलं. म्हणजे ईसीजी होता यांच्याकडे, फक्त सगळ्यांना वाटत नव्हते.

एक गोष्ट खटकली ती 'तुमच्या हृदयाचं वय'. पुढच्या दहा वर्षांत हार्ट अटॅक-स्ट्रोकची शक्यता किती टक्के हे काढतात, ते ठीक, पण तेच वयाच्या भाषेत सांगितलं की लोक त्याची मॅच खेळतात. कँटीनमध्ये दोन दिवस हेच, माझं अडतीस, तुझं बावन्न. आणि सत्तावीस वर्षांच्या पोराला दहा वर्षांची रिस्क एक टक्का पण येत नाही, मग तो सिगरेट ओढत येऊन सांगतो मी सेफ. तरुणांना दहा वर्षांचा आकडा फसवाच असतो, त्यांना पूर्ण आयुष्याची रिस्क दाखवायला हवी. हे मी फीडबॅकमध्ये लिहिलंय.

आता प्रायव्हसी, कारण ऑफिसमध्ये चेकअप ठेवताना निम्मा खेळ हाच आहे. रिपोर्ट प्रत्येकाच्या पर्सनल मेलवर, पासवर्ड लावून. कंपनीला फक्त एकत्रित आकडे, इतक्या लोकांत इतक्यांचं बीपी जास्त. आमच्या एचआरने डिपार्टमेंटवार मागितलं, तर त्यांनी दिलं पण दहापेक्षा कमी माणसं असलेल्या डिपार्टमेंटचं नाही दिलं, कारण चार जणांच्या टीममध्ये 'एकाला डायबिटीस' लिहिलं की तो कोण हे सगळ्यांना कळतं. मग एका मॅनेजरने माझ्याकडे येऊन हळूच विचारलं, माझ्या टीममध्ये हाय रिस्क कोण आहे तेवढं सांगा, मला कामं वाटायला बरं पडेल. हेतू चांगला असेलही. पण प्रमोशनच्या वेळी हीच माहिती कुठल्या कामाला येते हे आपण सगळेच जाणतो. मी म्हटलं सर, माझ्याकडेच नाहीये, आणि ते खरं होतं म्हणून किती बरं वाटलं सांगू. करारातच घालून घ्या हे, तोंडी नको. तो कोलेस्टेरॉलवाला मुलगा शेवटच्या दिवशी शेवटच्या स्लॉटला आला. काय निघालं मला माहीत नाही, आणि तेच बरोबर आहे.

आता माझी मोठी तक्रार, जी एजन्सीवर कमी आणि आमच्यावर जास्त आहे. पहिल्या यादीत फक्त पेरोलवरचे लोक होते. सिक्युरिटी, हाउसकीपिंग, ड्रायव्हर, सगळे कॉन्ट्रॅक्टवर, म्हणून बाहेर. मी मेल केला तर उत्तर आलं की ते टेक्निकली आपले एम्प्लॉयी नाहीत. मग मी जरा वाचत बसले, आणि गंमत म्हणजे नोकरी आणि हृदयाचं नातं पहिल्यांदा नीट दिसलं तेच मुळी साहेब लोकांवरून नाही. जेरी मॉरिस नावाच्या डॉक्टरांनी १९५३ मध्ये लंडनच्या बसवाल्यांचा अभ्यास छापला, तीच डबलडेकर बस, पण दिवसभर बसून असलेल्या ड्रायव्हरांना हार्टचा त्रास जास्त आणि जिने चढउतार करणाऱ्या कंडक्टरांना कमी. नंतर १९६७ मध्ये तिथल्याच सरकारी कर्मचाऱ्यांचा व्हाइटहॉल स्टडी सुरू झाला, सगळ्यांना वाटत होतं टेन्शन साहेबांना म्हणून अटॅकही साहेबांना, निघालं उलटं, सगळ्यात खालच्या ग्रेडच्या लोकांत हार्टच्या आजाराने मरायचं प्रमाण सगळ्यात वरच्यांच्या जवळपास साडेतीनपट. आणि त्यातला थोडाच फरक सिगरेट-बीपीने समजावता येत होता. हे दोन परिच्छेद मी साहेबांना पाठवले आणि खाली लिहिलं, आपण चेकअप ज्यांना देतोय ते वरच्या ग्रेडचे आहेत. दोन दिवस उत्तर नाही. तिसऱ्या दिवशी 'ओके, ऍड देम' एवढंच आलं.

सिक्युरिटीचे काका आत जाताना बूट बाहेर काढत होते. मी म्हटलं काका राहू द्या. ते पाच मिनिटं गप्प बसायच्या खुर्चीत बसले आणि त्यांना झोप लागली, नाइट ड्युटी करून थेट आले होते. सिस्टरनी उठवलं नाही, पुढच्या माणसाला आधी घेतलं. मग नाइटवाल्यांसाठी टीम एका दिवशी पहाटे सहाला आली, ड्युटी संपायच्या आधी, हे मागितल्यावर लगेच ऐकलं त्यांनी. फक्त रिपोर्ट इंग्लिशमध्ये, आणि काकांकडे मेल नाही. प्रिंट काढून बंद पाकिटात दिला, पण वाचणार कोण? काउन्सेलरने परत बोलावून समजावलं, ते चांगलंच, पण रिपोर्ट मराठीत हवाच. हे मी तीनदा सांगितलंय.

फॉलोअप, म्हणजे ज्यासाठी मी हा रिव्ह्यू लिहायला बसले. आमचे एक सर आहेत, त्यांना सगळ्यात खोट काढायची सवय, त्यांनी मला दोन लिंक पाठवल्या. एक कॉक्रेनचा (जगभरातले वैद्यकीय अभ्यास एकत्र तपासणारी संस्था) २०१९ चा आढावा, १७ ट्रायल, अडीच लाखांच्या वर लोक, जनरल हेल्थ चेकअपने मृत्यूच्या प्रमाणात जवळपास काही फरक पडत नाही. दुसरा त्याच वर्षीचा जामा या अमेरिकन मेडिकल जर्नलमधला, १६० साइट आणि जवळपास ३३ हजार कर्मचारी, वेलनेस प्रोग्रामने दीड वर्षात बीपी-कोलेस्टेरॉल-वजन यात काही खास फरक नाही. मी चिडले नाही, कारण मला मागचं वर्ष आठवलं, ड्रॉवरमधला कागद कोणाचं बीपी कसं कमी करेल? मी या लिंका पुढे एजन्सीला पाठवून विचारलं तुमचं काय. त्यांनी बढाया मारल्या नाहीत, म्हणाले आम्हीही आयुष्य वाढवण्याची गॅरंटी देत नाही, आम्ही एवढंच बघतो की जास्त आलेला माणूस डॉक्टरपर्यंत पोचला का. आणि खरंच, मला दोन आठवड्यांनी एजन्सीतल्या बाईंचा फोन आला, वहीतले आकडे विचारले, डॉक्टरकडे गेलात का विचारलं, मी नाही म्हटलं तर ओरडल्या नाहीत, शुक्रवारी परत करते म्हणाल्या आणि शुक्रवारी परत केला. त्या दुसऱ्या फोनच्या लाजेने मी गेले. तीन महिन्यांनी परत एक फोन आणि ऑफिसात अर्ध्या दिवसाचा रिचेक. काही लोकांना फोन आलेच नाहीत अशीही तक्रार आहे, दोघांचे नंबर चुकीचे उतरवले होते, एकाने अनोळखी नंबर म्हणून कट केला. म्हणजे शंभर टक्के नाही. पण मागच्या वर्षी शून्य होतं.

एकत्रित रिपोर्टवरून एक मीटिंग झाली, तिथे झोप कमी आणि कामाचे तास जास्त असं निघालं. मी डब्ल्यूएचओ आणि आयएलओचा (आंतरराष्ट्रीय कामगार संघटना) २०२१ चा आकडा ठेवला, आठवड्याला ५५ किंवा जास्त तास काम करणाऱ्यांत ३५-४० तासवाल्यांच्या मानाने स्ट्रोकचा धोका ३५ टक्क्यांनी जास्त आणि हार्टच्या आजाराने मरायचा १७ टक्क्यांनी. साहेब म्हणाले हे चेकअपच्या स्कोपमध्ये येत नाही. मीटिंग संध्याकाळी पावणेआठला संपली.

एक जास्तीचं मिळालं ते सीपीआरचं, म्हणजे हृदय बंद पडलेल्याची छाती दाबायचं ट्रेनिंग, अर्ध्या तासाचं, रबरी पुतळ्यावर. छातीच्या मधोमध, दोन इंच खोल, मिनिटाला १०० ते १२० दाब, आमच्या रिसेप्शनची मुलगी सगळ्यात चांगली निघाली आणि मोठमोठे जिमवाले दीड मिनिटात दमले. हृदय बंद पडल्यावर सीपीआर न देता शॉकला जितका उशीर होतो तितका दर मिनिटाला वाचायचा चान्स ७ ते १० टक्क्यांनी कमी होतो, म्हणून एईडी, म्हणजे तो शॉक देणारं मशीन, कुठे टांगायचं यावर आता आमच्यात वाद चालू आहे, एचआरला स्टोअर रूममध्ये कुलपात हवंय. कुलपात!

तर स्टार साडेचार. ॲप भिकार आहे पण त्यासाठी नाही कापले, ॲप कोणी उघडत नाही. अर्धा कापलाय मोठ्या कफसाठी, म्हणजे बीपीच्या मोठ्या पट्ट्यासाठी. दंड जाड असेल तर नेहमीच्या पट्ट्याने बीपी खोटंच जास्त येतं, हे त्यांनीच मला शिकवलं, आणि दोन खोल्यांत मिळून मोठा कफ आणला एकच. आमच्या आयटीतल्या एकाला लहान पट्ट्यावर घेणार नाही म्हणाल्या सिस्टर, बरोबरच केलं, पण दुसऱ्या खोलीतला मोकळा होईपर्यंत त्याला अर्धा तास बसवलं, सगळ्यांसमोर, का बसलाय ते सगळ्यांना कळेल असं. तो उठून गेला. रिचेकच्या दिवशी मी सकाळीच दोन मोठे कफ मोजून घेतले आणि त्याला फोन केला, तो म्हणाला मीटिंगमध्ये आहे.